बाटली काढायची कधी?

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझ्या पेशंट मावशींचं आतडं बंद, पोटभर कॅन्सर पसरलेला, तोंडाने काही जात नाही आणि त्यांचा मुलगा 'ती पांढरी ताकदीची बाटली लावा', म्हणजे शिरेतून अन्न द्या, म्हणून मागे लागलाय. लावू का, असं तू विचारतेस. मी उलट विचारतो, लावलीस तर काढणार कधी? ते ठरलं नसेल तर लावू नकोस.

मावशी उपासमारीने जाणार की आजाराने, हे आधी बघ. आजार सावकाश वाढतोय, बाई आपल्या पायाने बाथरूमला जातात, दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य दिसतंय, अशा मोजक्या पेशंटना शिरेतलं अन्न खरंच तगवतं. पण बाई अंथरुणाला खिळल्यात आणि प्रश्न आठवड्यांचा आहे, तर त्या कॅलरी अंगी लागत नाहीत. पदरात पडतं काय? सेंट्रल लाईनचं, म्हणजे मोठ्या शिरेतल्या नळीचं इन्फेक्शन, वाढलेली साखर, पायांना सूज, छातीत पाणी.

साध्या सलाईनवर समजूत काढायची युक्तीही नको. अर्ध्या लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. त्याला 'जेवण' म्हणणं ही फसवणूक आहे.

लावायचंच ठरलं तर दोन आठवड्यांची मुदत घाल आणि केसपेपरवर लिही. कशासाठी, तेही लिही. 'ताकद यावी' हे उत्तर मला चालत नाही. 'गड्ड्याच्या यात्रेपर्यंत खुर्चीत बसता यावं' हे चालतं. तारीख आली, बसता येत नाही, तर बंद. मुलाला हे बाटली लावायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. इतके दिवस उपाशी असलेल्या बाईला पहिल्याच दिवशी पूर्ण डोस देऊ नकोस. आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग हळूहळू वाढव. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज बघ, उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की ते धाडकन खाली येतात.

मला आपल्याकडे 'सलाईन काढणारा डॉक्टर' म्हणतात, ठाऊक आहे. वॉर्डच्या जिन्यात एका जावयाने 'आमच्या म्हातारीला उपाशी मारताय' असं चारचौघांत सुनावलं होतं. बाटली लावून सुट्टीवर गेलेला डॉक्टर देवमाणूस, आणि ती उतरवणारा मी कसाई! असू दे. आजही मी तेच करीन. तारीख न घालता लावलेली बाटली कोणीतरी काढावीच लागते, आणि ते काम रात्रीच्या ड्युटीवरच्या पोरावर ढकललं जातं.

मुलावर चिडू नकोस मात्र. सोलापुरात आजाऱ्याला भाकरी कुस्करून भरवली नाही तर घरच्यांना आपण काहीच केलं नाही असं वाटतं. त्याच्या हाताला काम दे. ओल्या गॉजने तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलीन लावायचं, मावशींना हवा असेल तर बर्फाचा बारीक खडा जिभेवर ठेवायचा. सुनेला हे एकदा दाखवलं की ती तुझ्या नर्सपेक्षा नीट करते.

आणि हे सगळं मावशींना विचारलंस का? तुझ्या लांबलचक मेसेजमध्ये मुलगा चार वेळा आहे, त्या एकदाही बोलत नाहीत. उद्या राउंडला खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बस, नातेवाइकांना बाहेर चहाला पाठव, आणि मगच मला फोन कर.