रेशनचा तांदूळ विकून भिशी भरावी का?

प्रश्न: आम्ही चौघं सोलापुरात राहतो. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब. महिन्याला १२ किलो तांदूळ आणि ८ किलो गहू फुकट मिळतो. गहू घरात लागतो, पण रेशनचा भात मुलं खात नाहीत. त्यात प्लास्टिकचे दाणे असतात म्हणतात. गल्लीत एक जण १६ रुपये किलोने तो तांदूळ घेतो. ते पैसे मी भिशीत टाकते आणि वाण्याकडून ६० रुपयांचा कोलम आणते. वाण्याची उधारी २,८०० झाली आहे. माझं चुकतंय का?

ताई, तांदूळ विकून तुमच्या हातात १९२ रुपये येतात. तेवढाच कोलम आणायला ७२० जातात. म्हणजे तांदूळ फुकट मिळत असूनही भातापायी दरमहा ५२८ रुपयांचा खड्डा पडतो. तो जाणवत नाही, कारण भिशीचे पैसे तुम्ही मोजता आणि उधारीची वही वाणी लिहितो.

या उधारीला व्याज नाही असं आपण धरून चालतो. पण ज्याची बाकी थकलेली असते ते गिऱ्हाईक भाव करत नाही, दुसरं दुकान बघत नाही, पुढे केलेला माल मुकाट्याने उचलतं. व्याज ते असं वसूल होतं.

विकण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रेशनचं धान्य बाहेर विकणं नियमात बसत नाही. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होऊ शकते, कार्डही अडचणीत येऊ शकतं. १९२ रुपयांसाठी ही जोखीम मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही.

त्या ‘प्लास्टिक’च्या दाण्यांचं म्हणाल, तर ते बहुतेक पोषणयुक्त तांदळाचे दाणे असावेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून ते बनवतात आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. रंग-आकार थोडा वेगळा दिसतो, म्हणून निवडताना बायका नेमके तेच काढून टाकतात! ते राहू द्या.

चवीचं मात्र मुलांचं खरं आहे, कोलमची सर त्याला नाही. म्हणून सगळा कोलम बंद करा असं मी म्हणत नाही. महिन्याला ४ किलो आणा, २४० रुपयांचा, वरण-भातापुरता. इडली, डोसे, घावन, मसालेभात, खिचडी रेशनच्या तांदळाची. चार किलो शिल्लक राहिला तर पुढच्या महिन्याला कामी येईल. आजच्या ५२८ ऐवजी २४० खर्च, म्हणजे २८८ रुपये वाचले. ते भिशीत नको, आधी वाण्याला द्या. दहा महिन्यांत २,८०० फिटतात. अट एकच, नवीन उधारी नाही. आणि भिशी मधेच सोडू नका, कोलमचे ७२० चे २४० झाले की तिचे १९२ ही त्यातूनच निघतात. चालू फेरी पूर्ण करून बाहेर पडा.

तुम्ही घरचं उत्पन्न कळवलेलं नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा वर्षाला ५९,००० रुपयांची आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. आजच्या महागाईत ही मर्यादा मला हास्यास्पद वाटते, पण नियम तोच आहे आणि अपात्र कार्डांची छाननी होत असते. शिवाय मोफत धान्याची सध्याची मुदत डिसेंबर २०२८ पर्यंतची आहे. तेव्हा हे धान्य कायमचंच मिळणार असं धरून कुठला हप्ता बांधून घेऊ नका. चौघांचं ई-केवायसी झालंय का, तेवढं दुकानात विचारून घ्या. राहिलं असेल तर त्या माणसाचं धान्य थांबू शकतं.

उधारी संपली की हेच पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाका. महिना १०० रुपयांपासून खातं उघडतं, मुदत पाच वर्षांची. तुम्ही २८० चं उघडा.