इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी आहे, साडेचार वर्षं झाली. दुकानदार म्हणतो, आता बदलाच. इन्व्हर्टर मात्र रोज चार्ज फुल दाखवतो. आईला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, म्हणून धोका पत्करायचा नाही, पण चांगली बॅटरी उगाच काढूनही टाकायची नाही. मग कोणाचं ऐकायचं?

मी सांगेन, घड्याळाचं ऐका.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं, त्यासाठी २ व्होल्टचे २४ सेल ओळीनं जोडलेले असत. बॅटरी रूमच्या दाराशी एक रजिस्टर असे. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, ग्रॅव्हिटी (आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड ते), पाणी कधी घातलं, सगळं त्यात लिहायचं. एखादा सेल जायला लागला की रजिस्टरात ते आधीच दिसायचं, कारण बाकीचे तेवीस जागच्या जागी असताना ह्या एकाचाच आकडा दर खेपेला थोडा उतरलेला असे. निवृत्त होऊन दापोलीला आलो आणि घरच्या बॅटरीसाठी मात्र असं काही लिहून ठेवलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे होती, बाळ बारा दिवसांचं. दुपारी इन्व्हर्टर फुल दाखवत होता. संध्याकाळी दोन पंखे आणि दोन दिवे लावले, ते दीड तासात बंद पडले. बाहेर झाडं पडत होती आणि आम्ही आळीपाळीनं बाळाला वारा घालत होतो. त्या रात्रीपासून घरातही वही आहे.

चार्ज फुल दिसतो तो खोटा नसतो, पण त्याचा अर्थ आपण चुकीचा घेतो. हौदात गाळ साचला की हौद लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. बॅटरीचं तसंच आहे. वापरताना प्लेटांवर लेड सल्फेट धरतं, चार्ज होताना ते पुन्हा विरघळतं. बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली, किंवा पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्या, की हे सल्फेट कडक होऊन बसतं आणि प्लेटांचा तेवढा भाग कामातून जातो. इन्व्हर्टर फक्त व्होल्टेज पाहतो. उरलेला भाग भरला की व्होल्टेज वर येतं आणि दिवा हिरवा होतो. म्हणून पूर्वी लाइट आल्यावर रात्रभर चार्ज होणारी बॅटरी आता दोन तासांत फुल होत असेल, तर आनंद मानू नका, ती म्हातारी झाल्याची खूण आहे.

आता चाचणी. एखाद्या रविवारी सकाळी, बॅटरी आदल्या रात्रीपासून पूर्ण चार्ज असताना, इन्व्हर्टरला येणारा पुरवठा बंद करा. आईचं मशीन ह्या चाचणीत अजिबात जोडू नका. दोन जुन्या पद्धतीचे पंखे धरा, प्रत्येकी ७५ वॅटच्या आसपास, आणि दोन एलईडी ट्यूब, म्हणजे २०० वॅटच्या जवळपास लोड होतो. (कमी वीज खाणारे नवे बीएलडीसी पंखे असतील तर एक पंखा ३० वॅटच्या आसपासच घेतो, त्या हिशेबानं संख्या वाढवा.) वेळ लिहा आणि लो बॅटरीची पहिली बीप वाजेपर्यंत चालू द्या. बीप वाजली की पुरवठा लगेच सुरू करा, पार बंद पडेपर्यंत ताणू नका, त्यानं बॅटरीचं नुकसान होतं.

१२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. पण हा १५० चा आकडा २० तासांत सावकाश वापरली तर मिळणारा असतो. शिवाय इन्व्हर्टरमध्येही काही वीज जाते. नवी बॅटरी २०० वॅटवर सहा तासांच्या आसपास चालते, असं धरा. तुमची पावणेपाच तास चालली तर ती ८० टक्क्यांवर आहे. वीजकेंद्रं आणि एक्स्चेंजमध्ये बॅटरी बदलायची रेघ साधारण इथेच मारतात, कारण ह्यापुढे घसरण वेगानं होते. साध्या घरात, पंखे आणि दिव्यांपुरतं, तीन तासांपर्यंत थांबायला माझी हरकत नसते. तुमच्या घरात मात्र मी ८० टक्क्यांचीच रेघ धरीन. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं (मागच्या पट्टीवर आकडा असतो, तो पाहा). नव्या बॅटरीवरही ते तीन-साडेतीन तासच चालणार, आणि अर्ध्यावर आलेल्या बॅटरीवर दीड तास मिळाला तरी खूप. त्यामुळे बॅटरी नवी घेतलीत तरी भरलेला सिलिंडर घरात असू द्या. बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला २ लिटरनं बारा तास पुरतो. त्याची चावी आणि रेग्युलेटर सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात शोधावा लागू नये.

बॅकअप कमी भरला तरी बॅटरीला लगेच दोष देऊ नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली आहे का, नट ढिले आहेत का, ते आधी बघा. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरनं टर्मिनलवर मोजा: १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान यायला हवं. साडेबाराच्या आसपासच घुटमळत असेल तर दोष इन्व्हर्टरच्या चार्जरचा आहे. तिथे नवी बॅटरी लावलीत तर तीही वर्षभरात बसेल.

मग हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची नळी. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, पण दुकानदाराच्या दहा वाक्यांपेक्षा खरं सांगते. हातमोजे आणि चष्मा घालून सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती १.२४० च्या आसपास असते. पाणी घातल्या घातल्या मोजू नका. नवं पाणी वरच तरंगत राहतं आणि आकडा उगाच कमी येतो. पाणी घालून एक पूर्ण चार्ज झाला की मग मोजा. पाच सेल १.२३० दाखवतायत आणि एकच १.१५० वर बसलाय, तर तो सेल गेला, आणि त्याच्यामुळे बॅटरीही गेली. सहाही सारखेच उतरलेले असतील तर मात्र घाई नको. बॅटरीला पूर्ण चार्ज मिळतच नसेल, असंही असतं. दोन दिवस सलग चार्जवर ठेवून पुन्हा मोजा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तेही वहीत लिहा.

काही खुणांना मात्र चाचणीची वाट पाहायची नसते. डबा फुगला, तडा गेला, बॅटरी हाताला चटका लागेल इतकी तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर इन्व्हर्टर बंद करा, खिडक्या उघडा, आगकाडी ओढू नका आणि माणूस बोलवा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. म्हणून बॅटरी आईच्या खोलीत तर नकोच.

कोणी म्हणालं, 'जुनं ॲसिड काढून नवं भरून देतो, दोन वर्षं काढेल', तर नको म्हणा. त्यानं हायड्रोमीटरचा आकडा सुधारतो, प्लेटा सुधारत नाहीत. तुम्ही घरी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आणि इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा असेल तर दोन्ही एकदमच बदला. जुनीच्या जोडीला लावलेली नवी तिच्याच चालीनं चालू लागते.

घ्यायची ठरलीच तर मे महिन्यात घ्या, वळवाच्या आधी. डब्यावरची तयार झाल्याची तारीख वाचा, कारण दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरीही उतरत जाते. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच घ्या. जुनी बॅटरी त्याच दुकानात परत द्या, किमतीत वजावट मिळते आणि शिसं पुन्हा वापरात जातं. भंगारवाल्यानं अंगणात ॲसिड ओतून रिकामी करून नेली, असं होऊ देऊ नका.

रविवारी चाचणी झाली की किती तास-मिनिटं चालली ते, चार्जिंगचं व्होल्टेज आणि सहा सेलचे आकडे प्लस टर्मिनलकडून ओळीनं, इथे खाली लिहा. मी बघून सांगतो.