संगीतासाठी आवाज गोळा करतोयस ना, मग हे ऐक

लेका, महागडा सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) घेण्याआधी पैठणला जाऊन हातमागाशेजारी बस. विणकराला आधी विचार, मगच माइक काढ. मागाची फणी आपटते तो ठोका सॉफ्टवेअरमध्ये दोन सप्तकं खाली उतरव, झाला तुझा किक ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ढोल! रेकॉर्डिंग २४ बिटवर कर, आवाजाची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. एकदा आवाज फाटला की सॉफ्टवेअरही धड सावरत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात वारं फार, माइकला केसाळ टोपडं हवंच.

फ्रेंच संगीतकार पिएर शेफेरनं पॅरिसमध्ये १९४८ सालीच रेल्वेच्या आवाजांतून संगीतरचना केली होती. घरचे ‘हे काय खूळ’ म्हणाले तर हेच सांग. पोटासाठी मात्र लघुपट, नाटकांचं ध्वनिकाम धर. नुसत्या प्रयोगांवर घरभाडं निघत नाही. आणि फाइलला जागा, तारीख त्याच रात्री लिही.