बफेलो स्प्रिंगफील्ड दोनच वर्षं टिकला, तरी त्याला इतका मान का?

तुम्ही विचारलंय, की १९६६ ते १९६८ एवढाच टिकलेला आणि टॉप टेनमध्ये एकच गाणं गेलेला हा अमेरिकेतला रॉक बँड जाणकारांना इतका मोठा का वाटतो.

माझ्या मते याचं कारण माणसं. एका बँडला एक बरा गीतकार मिळाला तरी पुष्कळ. इथे स्टीफन स्टिल्स, नील यंग आणि रिची फ्युरे असे तिघे होते, तेही जेमतेम विशीतले. त्यात स्टिल्स आणि यंग दोघांनाही लीड गिटार, म्हणजे मुख्य सुरावट वाजवणारी गिटार, हवी. खटके उडणारच! बेस वाजवणाऱ्या ब्रूस पामरला ड्रग्जच्या प्रकरणात कॅनडाला परत पाठवलं. १९६७च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवाच्या तोंडावर यंग निघून गेला, तिथे बर्ड्स या बँडचा डेव्हिड क्रॉस्बी त्यांच्याबरोबर उभा राहिला. यंग परतला खरा, पण मे १९६८मध्ये सगळंच संपलं.

ते एक गाणं म्हणजे 'फॉर व्हॉट इट्स वर्थ'. पुष्कळ जण ते व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं समजतात. प्रत्यक्षात ते लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावर घडलेल्या प्रकाराबद्दल आहे. रात्री दहानंतर अठराच्या आतल्या मुलांनी रस्त्यावर फिरायचं नाही, या नियमाविरुद्ध नोव्हेंबर १९६६मध्ये तिथे पोरं जमली, पोलिसांशी झटापट झाली. स्टिल्सने त्यावर लिहिलं. हेडफोन लावून सुरुवात ऐका. तारेवर बोट नुसतं टेकवून काढलेले यंगचे ते दोन सूर घंटेसारखे घुमत राहतात, आणि स्टिल्स आवाज न चढवता गातो. निषेधाचं गाणं इतकं दबक्या आवाजातही अंगावर काटा आणतं, हे मला या गाण्याने दाखवलं.

बँड मोडल्यावरचा पसारा तर बघा. स्टिल्स क्रॉस्बी आणि इंग्लिश गायक ग्रॅहम नॅश यांना जाऊन मिळाला, पुढे यंगही त्यांच्यात आला. फ्युरेने बफेलो स्प्रिंगफील्डमधल्याच जिम मेसिनाला घेऊन 'पोको' हा बँड काढला. त्या पोकोचे रँडी माइझनर आणि टिमथी श्मिट, दोघेही बेसवाले, पुढे ईगल्स या बँडमध्ये गेले. सत्तरच्या दशकातला कॅलिफोर्नियाचा कंट्री-रॉक, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीत आणि रॉक यांचं मिश्रण, बराचसा याच घरातून निघाला.

ऐकायला घेणार असाल तर दुसऱ्या अल्बमपासून घ्या, 'बफेलो स्प्रिंगफील्ड अगेन'. त्यात 'ब्लूबर्ड' स्टिल्सचं आणि 'एक्स्पेक्टिंग टु फ्लाय' यंगचं. लागोपाठ ऐकलीत तर हे दोघे एका छताखाली का टिकले नाहीत, ते लगेच कळेल.