अंडी काढल्यानंतर पोट फुगलंय आणि लघवी कमी झालीय, हा गॅस असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पीसीओडी आहे, टेस्ट ट्यूब बेबीसाठी नाशिकच्या सेंटरला २२ अंडी काढून चार दिवस झाले, आता चोपड्याला घरी आहात. पोट टम्म झालंय, मळमळतंय, लघवी कमी होतेय, उद्या ट्रान्सफर (गर्भ पिशवीत ठेवणं) आहे आणि सासूबाई ओवा खा म्हणताहेत. मी जळगावला वंध्यत्वाच्या वॉर्डात सिस्टर आहे. नुसत्या गॅसने लघवी कमी होत नाही. हे ओएचएसएस असू शकतं, म्हणजे इंजेक्शनांमुळे अंडाशयं प्रमाणाबाहेर चेतणं. वाचून झालं की लगेच सेंटरला फोन लावा.

अंडी काढण्याआधी ती पिकावीत म्हणून शेवटी देतात त्या ट्रिगरच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा एचसीजी हे हार्मोन असतं. त्याने फुगलेली अंडाशयं व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडतात, रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात उतरतं, कधी छातीतही. पोट पाण्याने भरतं, पण नसा कोरड्या पडतात, म्हणून लघवी आटते. त्यामुळे गावात कुणी सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी दिली तर स्वतःहून घेऊ नका. रक्त आणखी घट्ट होईल आणि घट्ट रक्तात गुठळी होते. यात गुठळी पायातच होते असं नाही, मानेत आणि हातातही होते.

आजच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करून घ्या. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन एकदम वाढलेलं दिसलं तर घरचे खूश होतील, कारण आपल्याकडे बायकांचं रक्त कमी असण्याचीच सवय आहे. पण इथे ते वाढणं म्हणजे रक्त घट्ट झाल्याची खूण. त्याच कागदावर पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, बघा. ४५ च्या वर असेल तर आजार गंभीर आहे, ५५ च्या वर म्हणजे जिवाशी गाठ.

रोज सकाळी उपाशीपोटी वजन करा, बेंबीवरून टेपने पोट मोजा, लघवी मापाच्या भांड्यात धरा. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, दिवसभरात अर्धा लिटरही लघवी झाली नाही, आडवं पडल्यावर धाप लागली, प्यालेलं पाणी पोटात ठरेना, चक्कर आली, एका पायाला किंवा मानेला सूज आली, यातलं काहीही एक झालं तरी रात्र काढू नका. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली तरी तेच, कारण फुगलेलं अंडाशय पिळलं जाऊ शकतं. अशा वेळी पाच-सहा तासांचा नाशिकचा रस्ता धरू नका. तापी ओलांडून जळगावला या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघंही असतील अशा दवाखान्यात. सेंटरची फाईल सोबत घ्या. केसपेपर करतानाच सांगा, ‘ट्रिगर या तारखेला, अंडी या तारखेला काढली.’ हे कळलं नाही तर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन परत पाठवतील. भरती केलं तर सलाईन, गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन, आणि गरज पडली तर सोनोग्राफीत बघून सुईने पोटातलं पाणी काढतात. पाणी काढायला घाबरू नका, श्वास लगेच मोकळा होतो.

त्रास सौम्य निघाला तर घरीच भागतं. तहानेप्रमाणे दोन-अडीच लिटर पाणी, ताक, वरणाचं पाणी घ्या, ढोसू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. नुसतं पडून राहू नका, घरात फिरा, पण जड उचलणं, मोटारसायकलवरचे धक्के आणि नवऱ्याजवळ जाणं सध्या बंद.

उद्याच्या ट्रान्सफरबद्दल तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘गर्भ फ्रीज करून पुढच्या महिन्यात ठेवता येईल का?’ गर्भ राहिला की शरीर स्वतःच एचसीजी बनवू लागतं आणि हाच त्रास आठवडेच्या आठवडे लांबतो. ट्रान्सफर टळली तर पाळी येते आणि साधारण त्याच सुमारास पोट उतरू लागतं. सासूबाईंना समजवा की फ्रीज केलेला गर्भ नासत नाही, त्यातूनही धडधाकट बाळं होतात. माझ्या मते आज तुमचा जीव आधी, बाळ नंतर.

पुढे कधी पुन्हा इंजेक्शनं घ्यायची वेळ आली तर या वेळी काय झालं ते पहिल्याच दिवशी सांगा. अँटॅगोनिस्ट पद्धतीने (अंडी वेळेआधी फुटू न देणारं औषध सोबत देऊन) इंजेक्शनं देऊन ट्रिगरला एचसीजीऐवजी ॲगोनिस्ट नावाचं दुसरं औषध वापरता येतं, त्याने हा धोका खूपच कमी होतो.