वाचकांचे प्रश्न : सायकलवरून चहा नेताना

प्रश्न : हिवाळ्यात रविवारी पहाटे आम्ही काही मित्र साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला सायकलने जातो. इतक्या सकाळी वाटेतल्या टपऱ्या उघडलेल्या नसतात, म्हणून मी घरूनच आल्याचा चहा थर्मासमध्ये भरून नेतो. वर पोहोचेपर्यंत तो कोमट होतो, कधी फाटलेला निघतो आणि झाकणातून गळून पिशवीही भिजते. यावर उपाय काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : थर्मासच्या दोन भिंतींमधील पोकळीतून हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे भिंतींतून उष्णता फारशी बाहेर जात नाही, ती जाते मुख्यतः तोंडाकडून आणि झाकणातून. शिवाय कोरड्या, थंड थर्मासमध्ये चहा ओतला, की आतील पोलाद तापवण्यातच त्याची बरीच उष्णता खर्च होते. म्हणून आधी थर्मासमध्ये उकळते पाणी भरून पाच-दहा मिनिटे झाकून ठेवावे, मग ते ओतून लगेच चहा भरावा. तो झाकणाच्या बुडापर्यंत भरलेला असावा, कारण अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. चौघांसाठी दोन लहान थर्मास नेण्यापेक्षा एकच मोठा नेणे याच कारणाने चांगले.

चहा फाटण्याचे कारण बहुधा आले हेच असावे. कच्च्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. ते उकळल्याने निष्क्रिय होते, परंतु आले शेवटी किसून घातले आणि चहा लगेच थर्मासमध्ये ओतला, तर त्याचे काम आत निवांत चालू राहते. यासाठी आले पाण्यात चांगले उकळून घ्यावे आणि दूध त्यानंतरच घालावे. गुळाचा चहा असेल तर फाटण्याचा धोका आणखी वाढतो.

तरीही माझे स्पष्ट मत असे, की घाटाच्या प्रवासात दुधाचा चहा नेऊच नये. चहा ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, की उकळण्यातून तगलेल्या जिवाणूंना दुधात वाढण्यास अनुकूल परिस्थिती मिळते, आणि रबरी कडीत मुरलेला दुधाचा वास पुढे साध्या पाण्यालाही लागतो. त्यापेक्षा आले घालून उकळलेला कडक कोरा चहा न्यावा, आणि दुधाची पावडर व साखर वेगळ्या डबीत ठेवावी. (घरचा दुधाचा चहाच हवा, असा हट्ट मला समजतो, तो असेल तर चहा दोन-तीन तासांत संपवावा आणि घरी येताच झाकणाची कडी काढून धुवावी.)

गळती बहुधा त्याच कडीची असते. ती चिरली किंवा सैल झाली असल्यास बदलावी, आणि बटण दाबून ओतण्याच्या झाकणापेक्षा आट्यांचे साधे झाकण पसंत करावे. काचेचा थर्मास सायकलवर नेऊ नये. खड्ड्यात आदळल्यावर आतील काच फुटून चहात मिसळू शकते. सायकलचा बाटलीस्टँड साधारण ७३ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीसाठी बनवलेला असतो. त्याहून बारीक, गुळगुळीत पोलादी थर्मास उतारावर उसळून बाहेर पडतो, म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याने तो स्टँडला घट्ट आवळावा. थर्मास पाठीवरच्या पिशवीत मणक्याला लागून मात्र ठेवू नये. पडल्यास कठीण पोलादाचा मार थेट पाठीला बसतो.

प्रश्न : पाणी पिण्याच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीत गरम चहा भरून तो चालवता चालवता प्यायला चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाही. दाबून पिण्याच्या बाटलीचे मऊ प्लास्टिक उकळत्या पेयासाठी बनवलेले नसते, आणि गरम चहाने भरलेली बाटली दाबताच चहाची पिचकारी तोंडात किंवा हातावर उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून अधिक गरम पेये पिणे बहुधा कर्करोगकारक असल्याचे नमूद केले आहे. चहा पेल्यात ओतून, सायकल रस्त्याच्या कडेला उभी करून आणि थोडा निवू देऊनच प्यावा.