मॉड्युलर फोन घेतलायस ना, मग हे वाच

मॉड्युलर म्हणजे ज्याचे भाग आपणच सुटे काढून बदलू शकतो असा फोन. आधीच सांगतो, कॅमेरा नि स्पीडची तुलना त्याच किमतीच्या दुसऱ्या फोनशी करत बसलास तर रोज चरफडशील. दोन वर्षांत बदलणार असशील तर कशाला एवढे पैसे घातलेस? फेअरफोन कंपनीचा असाच मॉड्युलर फोन, फेअरफोन ५, आला २०२३ मध्ये, त्याला ८ वर्षं सॉफ्टवेअर सपोर्ट देऊ म्हणालेत, हिशोबही तसाच लांबचा मांड.

बॅटरी दोन-तीन वर्षांनी दुपारीच मान टाकायला लागते, तेव्हा वाटतं फोन गेला, पण मागचं झाकण नखाने उचकटायचं, जुनी काढायची, नवी बसवायची, झालं काम. मात्र जास्तीची आत्ताच घेऊन कपाटात ठेवू नकोस, न वापरताही ती म्हातारी होतेच.

चार्जिंग पिन ढिली लागते म्हणून मी नवीन पोर्टच मागवायला निघालेलो, मग फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच कोरलं तर खिशातल्या कचऱ्याची अख्खी गादी निघाली, हसू नकोस, तुझंही होणारे.

पहिल्यांदा उघडशील तेव्हा बॅटरी आधी काढ आणि स्क्रू निघतील त्या क्रमाने चिकटपट्टीवर लाव, लांबी वेगळी निघाली तर नंतर डोकं धरून बसशील. कनेक्टर सरळ वर उचलायचा, ओढायचा नाही.

आणि एथिकल फोन, म्हणजे माणसांची पिळवणूक टाळून बनवलेला, म्हणून सगळं धुतल्या तांदळासारखं असं नाही हां, सोनं, कोबाल्ट अशी काही खनिजं नीट मार्गाने मिळवण्यावर फेअरफोनवाले काम करतात, बाकीची साखळी अजून गुंतागुंतीचीच आहे. पावसाचे शिंतोडे फेअरफोन ५ ला चालतात, बादलीत मात्र पाडू नकोस.